परातीतलं पाणी

आमच्या देव्हाऱ्यातले देव मी सव्वा वर्ष पाण्यात ठेवले होते. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला कोणी मोठा भक्त समजून पुढं वाचायला नको. भक्त शोभाची आई होती, म्हणजे माझी बायको. मी तिच्या मागं उभा राहून घंटी कधी वाजते आणि भाकरी कधी मिळते याची वाट बघणारा माणूस. चौथीपर्यंत शिकलो, नंतर तीस वर्षं गावात नळाचं पाणी सोडायचं काम केलं. कोणत्या गल्लीचा वॉल कधी उघडायचा, कधी बंद करायचा, एवढंच मला पक्कं समजतं. तेव्हा लिहिण्यात चूकभूल झाली तर सांभाळून घ्या.

घरावर मोठं संकट आलं की देव उचलून पाण्यात ठेवायचे आणि संकट टळेस्तोवर बाहेर काढायचे नाहीत, ही आमच्याकडची जुनी चाल आहे. देवाचाही जीव जरा गुदमरला पाहिजे, म्हणजे तो लवकर हलतो, असं जुनी माणसं म्हणायची. शोभाच्या आईच्या छातीत गाठ निघाली आणि डॉक्टर म्हणाले की उशीर झालाय, तेव्हा मी पितळी परात घेतली. खंडोबाचा टाक, देवीचा टाक, महादेवाची पिंड आणि तिनं माहेराहून आणलेली बोटभर अन्नपूर्णा, सगळे त्यात ठेवले आणि वरून पाणी ओतलं. ती खाटेवरून बघत होती. म्हणाली, "आवं, जरा कोमट तरी घ्यायचं."

ती गेली. सुतक फिटल्यावर शोभानं, म्हणजे आमच्या एकुलत्या एक लेकीनं, विचारलं, "आबा, देव काढू का भायेर?" मी म्हणालो, "हात लावायचा न्हाई. काम केलं न्हाई त्यांनी, मग सुट्टी कशाची?" त्या दिवसापासून रोज सकाळी परातीतलं पाणी थोडं आटलेलं असायचं आणि मी तांब्याभर पाणी वरून ओतायचो. फूल नाही, दिवा नाही. तेवढीच माझी पूजा होती. खरं सांगायचं तर तांब्या ओतताना मला बरं वाटायचं. घरात दुसरं कोणी उरलं नव्हतं रागवायला.

वर्ष झालं आणि मला खोकला लागला. आडवं झालं की छातीवर कोणीतरी भरलेली घागर ठेवल्यासारखं व्हायचं. चढावर दम लागायचा. चारठाण्याच्या बाजारातून घरी येताना दोन जागी बसावं लागायचं. शोभा सेलूला दिलेली आहे. तिनं मला ओढत नेऊन छातीचा फोटो काढला. फोटोत उजव्या बाजूला, काळजाला चिकटून, एक गोल पांढरा डाग होता. मग परभणीला मोठ्या मशिनीत घातलं. तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की छातीत ही पाण्याची पिशवी आहे, साधी आहे, पसरणारी नाही, पण मोठी व्हायलीय आणि फुफ्फुसाला दाबायलीय, म्हणून काढलेली बरी. छाती फाडायची नाही, तीन बारीक भोकं पाडून दुर्बिणीतून काढायची.

एवढं सगळं ते बोलले म्हणे. शोभानं मला नंतर सांगितलं. मी फक्त पहिला शब्द ऐकला होता, छातीत. त्याच्या पुढं माझे कान बंद झाले. हिच्या छातीतलं माझ्या छातीत आलं, असं मला वाटलं. आणि लाज वाटते सांगायला, पण मला बरंच वाटलं. म्हणलं बोलावणं आलं. दुसरं असंही वाटलं की सव्वा वर्ष मी ज्यांना पाण्यात ठेवलं त्यांनी ते पाणी तांब्या-तांब्यानं माझ्या छातीत भरलं. फिटंफाट झाली. आता कशाला काढायचं?

ऑपरेशनची तारीख ठरली. आदल्या दिवशी भरती व्हायचं होतं. मी देवगाव फाट्यावरून सेलूला यायचं, तिथं शोभा स्टँडवर उभी राहणार, मग दोघांनी परभणीला जायचं. सकाळी निघताना मी परात काठोकाठ भरली. अन्नपूर्णेच्या डोक्यावर तीन बोटं पाणी आलं. कुलूप लावलं आणि फाट्यावर येऊन बाकड्यावर बसलो. सेलूची गाडी आली, गेली. मी उठलो नाही. दुसरी आली, तीही गेली. मनात ठरवून टाकलं होतं की उन्हं चढली की परत घरी जायचं आणि शोभाला सांगायचं, गाडी चुकली. पुढं जे व्हायचं ते घरात, शोभाच्या आईच्या खाटेवर होऊ दे.

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस मोसंबी सोलत बसला होता. माझ्याच वयाचा असेल. पांढरा सदरा, खिशाला पेन, पायाशी कापडी पिशवी. सालीची एक सलग पट्टी निघेल अशा बेतानं, जराही घाई न करता सोलत होता.

"कुठं जायलात, पाव्हणं?" त्यानं विचारलं.

"कुठंच न्हाई."

"मग बरोबर फाट्यावर बसलात," तो म्हणाला. "इथून चारी बाजूला जाता येतंय. कुठंच न्हाई जायचं तर घरी बाज काय वाईट होती?"

मी तोंड फिरवलं. मला तोंड चालवणारी माणसं आवडत नाहीत, कारण मी स्वतः तसलाच आहे. पण तो गप्प बसणारा नव्हता. "दोन गाड्या सोडल्या तुमी. दोन्ही सेलूच्या. मास्तर होतो मी, हजेरी घ्यायची खोड जात न्हाई."

मग मलाच काय झालं कोण जाणे. सव्वा वर्षात मी लेकीशी धड बोललो नव्हतो आणि या परक्या माणसाला एका दमात सांगून टाकलं, की छातीत पाण्याची पिशवी आहे, उद्या तीन भोकं पाडणार आहेत, आणि मला जायचं नाही. वाटलं, आता हा चार उपदेश करील आणि मी त्याला चार शिव्या देऊन उठीन.

त्यानं मोसंबी पिशवीवर ठेवली. हात धोतराला नाही, रुमालाला पुसले. सदऱ्याची बटणं काढली, बनियन वर केलं आणि भर फाट्यावर, चार बायामाणसं बघत असताना, उजवा हात डोक्यावर घेऊन माझ्याकडं कूस करून बसला.

समोरचा चहावाला ओरडला, "गुरुजी, इथं काय दवाखाना उघडला का?"

"तू तुझा चहा उकळ," गुरुजी म्हणाले. मग मला म्हणाले, "बघा. हात लावून बघा. एक, दोन, तीन."

बरगड्यांच्या मधी तीन बारीक खुणा होत्या. पांढुरक्या, गव्हाच्या दाण्याएवढ्या लांब. मुंगळा चावला तर याच्यापेक्षा मोठी गांध येते.

"ह्यातून दुर्बीण, ह्यातून चिमटा, आन् ह्यातून पिशवी भायेर. मोसंबीएवढी होती. दोन वर्षं झाली. सायकल चालवतो मी."

मी एका खुणेला बोट लावलं. अख्ख्या जिल्ह्यात असली पिशवी किती जणांच्या छातीत निघत असेल, मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले होते की हे क्वचित दिसतं. आणि त्यातला एक माणूस त्याच सकाळी, त्याच बाकड्यावर, माझ्या हातभर अंतरावर मोसंबी सोलत बसलेला. मी त्याचं काहीही सिद्ध करायला बसलेलो नाही. जे झालं ते सांगतो.

बोट लावलेल्या त्या खुणेतून माझ्यातलं काहीतरी सुटलं. मी त्यांना परातीचंही सांगितलं. शोभाच्या आईचं सांगितलं. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मी बोरीचा. आमी बौद्ध. छप्पन साली माझ्या बापानं घरातले देव पाण्यात सोडले ते कायमचेच, तवा मी आईच्या पोटात होतो. त्यामुळं देवाबद्दल मला काही कळत न्हाई आन् मी मानत बी न्हाई. पण दादा, सव्वा वर्ष पाण्यात ठेवायची सजा मी माझ्या वैऱ्याला बी देणार न्हाई." मग थांबून, शाळेत पोराला विचारावं तसं विचारलं, "चुकलं कुणाचं?"

हा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. मीही नाही.

तिचं दुखणं कळायच्या वर्षभर आधीची गोष्ट. मी सकाळी वॉलच्या चावीला तेल लावत होतो. ती चुलीपाशी होती. म्हणाली, "छातीत खड्यावाणी काहीतरी लागायलंय हाताला." मी म्हणालो, "पाणी सोडायला उशीर व्हायलाय, आल्यावर बघू." आलो, जेवलो, झोपलो. मी विचारलं नाही. तिनं परत सांगितलं नाही. ती तसलीच होती, एकदा सांगायची. चूक एवढीच, पण तिच्यात अख्खं माणूस गेलं. आणि मी देवांना पाण्यात ठेवून रोज सकाळी विचारत होतो, की तुमी का ऐकलं नाही?

हे मी गुरुजींना सांगितलं. ते "जाऊ द्या" म्हणाले नाहीत, "तुमची काय चूक" असंही नाही. अर्धी मोसंबी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "खा." मी खाल्ली. गोड होती. खाताना माझ्या नाकातून, डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते दुसरीकडं, रस्त्याकडं बघत बसले.

तिसरी गाडी आली तेव्हा ते उठले, माझी पिशवी उचलून आत ठेवली आणि दारात उभे राहून कंडक्टरला म्हणाले, "यांना सेलूला उतरवा. मधी कुठं उतरतो म्हणाले तर उतरू देऊ नका." तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून जिंतूरची गाडी सुटली. तीच त्यांना पाहिजे होती.

"गुरुजी, तुमची गाडी गेली."

"फाटा हाय हा," ते म्हणाले. "गाड्या येत्यात."

परभणीच्या दवाखान्यात सगळं पांढरं होतं आणि सगळे हळू बोलत होते. पंख्याचा आवाज, फिनाइलचा वास, शोभाचा हात. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. म्हणाले, "काका, उजवं फुफ्फुस थोडा वेळ बंद ठेवायचं, डाव्यावर श्वास चालू ठेवायचा, म्हणजे आत काम करायला जागा होते." हे मला लगेच समजलं. मी म्हणालो, "म्हणजे एका गल्लीचा वॉल बंद करायचा आन् दुसऱ्या गल्लीला पाणी चालू ठेवायचं. हे मी तीस वर्षं केलंय." डॉक्टर हसले. म्हणाले, "अगदी तसंच." मी म्हणालो, "मग परत उघडायला इसरू नका." शोभानं माझ्या मांडीला चिमटा काढला.

सकाळी मला हिरवे कपडे घातले आणि चाकाच्या खाटेवर घेऊन निघाले. छतावरचे दिवे एकामागून एक डोक्यावरून सरकत होते. तेव्हा मला देवाची आठवण आली. चादरीखाली हात जोडले, पण कुणाला जोडायचे? सगळे परातीत. त्यांच्या डोक्यावर तीन बोटं पाणी मीच ठेवून आलो होतो. कोणत्या तोंडानं मागायचं? एकही स्तोत्र पाठ नाही, ती म्हणायची तेव्हा मी भाकरीची वाट बघायचो. मग ओठात आपोआप आलं ते एवढंच, की आयुष्यभर चावी माझ्या हातात होती आणि मी पाहिजे तेव्हा सोडलं, पाहिजे तेव्हा बंद केलं. आता चावी तुझ्या हातात. सोडायचं का बंद करायचं, तू बघ. त्याच्यापुढं मी काही मागितलं नाही. तोंडावर नळी आली. कोणीतरी म्हणालं, मोठा श्वास घ्या.

मग मी चारठाण्याच्या जुन्या देवळात होतो.

आमच्या चारठाण्यात जुन्या देवळांना तोटा नाही, पण त्यातल्या एका मोडक्या देवळात मूर्तीच नाही. नुसते खांब आणि आत अंधार. शोभाची आई बाजाराला आली की त्याही उंबऱ्यावर फूल ठेवायची. मी म्हणायचो, आत कोण हाय गं? ती म्हणायची, तुमाला दिसत न्हाई म्हणून जागा मोकळी हाय का? त्याच देवळात मी उभा होतो. पण आत अंधार नव्हता. केळीच्या पानातून यावा तसा हिरवा उजेड होता आणि घोट्याएवढं पाणी होतं. कोमट. खांब पाण्यात उभे, त्यांच्या सावल्या पाण्यात हलायल्यात. दगडावर कोरलेल्या बाया ओल्या दिसत होत्या, आत्ताच अंघोळ करून आल्यासारख्या.

मधोमध ती बसली होती. लुगड्याचा काचा मारून, पुढ्यात आमची परात घेऊन, दसऱ्याला बसायची तशी चिंचेनं देव घासत. आजारातली नव्हती. हात भरलेले होते, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत. मी म्हणालो, "आलो मी." तिनं वर बघितलं नाही. अन्नपूर्णा उचलून माझ्यापुढं धरली आणि म्हणाली, "बोटं बघा कशी झाली बिचारीची. सुरकुतली पाण्यात." मी वाकून बघितलं, तर त्या पितळेच्या एवढ्याशा बोटांना खरंच सुरकुत्या पडल्या होत्या, धुणं धुतल्यावर तिच्याच बोटांना पडायच्या तशा.

मला जे सांगायचं होतं ते मी सांगितलं. म्हणालो, "तू सांगितलं होतंस, मी ऐकलं न्हाई." एवढं एकच वाक्य. सव्वा वर्ष ते घशात होतं.

तिनं अन्नपूर्णा पदरानं पुसली. मग माझ्याकडं बघितलं, रोज सकाळी बघायची तसंच, थोडं रागानं, थोडं हसून. म्हणाली, "आवं, ते पाणी सोडून या आधी. बाया हंडे घेऊन उभ्यात." रोज सकाळी हेच म्हणायची. तीस वर्षं. आमच्या गल्लीला मी पाणी सगळ्यात शेवटी सोडायचो, लोकांनी बोलू नये म्हणून, आणि तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आधी बाकीच्या बायांची फिकीर.

मी चावी घेतली आणि निघालो. वॉल खांबाच्या बुडाशी होता. चावी लावली, पण जोर लावायच्या आधीच ती फिरली. आपोआप. कुठंतरी खोल पाणी सुटल्याचा आवाज आला, पाइपातून हवा निघते तसा, आधी फसफस, मग धार. देवळातलं पाणी हळूहळू उतरायला लागलं. मी मागं वळून बघणार होतो, तेवढ्यात कोणीतरी गाल थोपटला. "आजोबा, डोळे उघडा. झालं तुमचं. नाव सांगा बरं."

मी नाव सांगितलं नाही. म्हणालो, "बाया गेल्या का?" सिस्टर शोभाकडं बघून हसली. "भूल उतरायलीय," म्हणाली.

डाव्या कुशीला शोभा होती, उजव्या कुशीतून एक नळी निघून खाटेखालच्या बाटलीत गेली होती. बाटलीत पाणी होतं आणि नळीचं टोक त्या पाण्यात बुडालेलं. मी श्वास घेतला की नळीतलं पाणी वर चढायचं, सोडला की खाली यायचं. खोकलो की बुडबुडे यायचे. मी सिस्टरला विचारलं, "हे पाण्यात कशाला ठेवलं?" ती म्हणाली, "आजोबा, आतली हवा निघून जाते आणि बाहेरची आत जात नाही. पाणी वर-खाली होतंय ना, तोवर समजायचं तुमचं फुफ्फुस बोलतंय." दोन दिवस मी त्या बाटलीकडं बघत पडून राहिलो. दुपारी खिडकीतून ऊन यायचं, बाटलीतून त्याचा एक कवडसा भिंतीवर पडायचा आणि माझ्या श्वासाबरोबर तो हलायचा. आपण श्वास घ्यायला विसरतो का कधी? नाही. पण तो कोण घ्यायला लावतंय, हे मी सत्तर वर्षांत पहिल्यांदा डोळ्यांनी बघत होतो. माझा जीव पाण्यात ठेवला होता, आणि त्यात सजा कुठंच नव्हती. पाण्यात ठेवूनच कोणीतरी मला वाचवायलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. म्हणाले, "काका, पिशवी अख्खी निघाली. आत काय होतं माहितीये? स्वच्छ पाणी. डोंगरातल्या झऱ्यासारखं. घाण काहीच नाही." शोभा व्हरांड्यात जाऊन रडली. मी भिंतीवरच्या कवडशाकडं बघत राहिलो. मला वाटलं होतं, माझ्या छातीत जे साचलंय ते काळं असेल. एवढा राग, एवढी चूक. आणि आत निघालं ते झऱ्याचं पाणी. डॉक्टरांनी ते सहज सांगितलं, पण मला कोणीतरी माफी वाचून दाखवल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी नळी काढली. सिस्टर म्हणाली, "मोठा श्वास घ्या, धरा... सोडा." ओढताना डोळ्यांपुढं काजवे चमकले, पण तेवढंच. पुढं तपासणीचा कागद आला, त्यातही साधीच पिशवी असं लिहिलेलं होतं. शोभानं मला सेलूला स्वतःच्या घरी नेलं आणि पंधरा दिवस हलू दिलं नाही. दवाखान्यानं छातीच्या व्यायामाला तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं खेळणं दिलं होतं, फुंकायचं नाही, श्वास ओढून गोळ्या वर चढवायच्या. दोन चढायच्या, तिसरी नाही. नातवंडं टाळ्या वाजवायची. "आबा, तुमची एक गोळी आळशी हाय."

चैत्र सरत आला होता तेव्हा शोभा मला घरी घेऊन आली. कुलूप उघडलं. बंद घराचा वास आला. देव्हाऱ्यापाशी गेलो आणि तिथंच थांबलो.

परात कोरडी होती. काठाला पाण्याच्या पांढऱ्या रेघा राहिल्या होत्या, एकीखाली एक, पाणी पायरी-पायरीनं उतरल्यासारख्या. तळाशी देव बसले होते. पिंड, दोन टाक, अन्नपूर्णा. झरोक्यातून ऊन येऊन त्यांच्यावर पडलं होतं. हिरवट झाले होते, पण कोरडे. अन्नपूर्णेची पळी उन्हात चमकत होती.

शोभा म्हणाली, "आबा, पाणी आटलं."

मी पाण्याचा माणूस आहे. चैत्रातलं ऊन, पत्र्याचं घर, परातीतलं पाणी, वीस दिवस. आटणारच. यात चमत्कार नाही, कोणी सांगितला तर मीच त्याला हसलो असतो. पण मी खाली बसलो. कारण माझ्या लक्षात आलं की देव कधीचेच बाहेर आले असते. कोणाला काढायचीही गरज नव्हती. सव्वा वर्ष, रोज सकाळी, तांब्याभर पाणी मीच ओतत होतो.

ती गेल्यावर मी रडलो नव्हतो. त्या दिवशी देव मांडीवर घेऊन रडलो. शोभा चिंच भिजवायला उठली. आम्ही दोघांनी देव घासले. अन्नपूर्णेची बोटं मी नीट बघितली. सुरकुत्या नव्हत्या.

महिन्यानं तपासणीला परभणीला गेलो तेव्हा येताना बोरीला उतरलो. पिशवीत पाडाचे आंबे होते. गुरुजींचं घर विचारत गेलो. अंगणात सायकल उलटी करून चेन लावत बसले होते, हात काळे. मी सदरा वर करून माझ्या तीन खुणा दाखवल्या. त्यांनी चष्मा वर करून बघितल्या. "माझ्यापेक्षा बारीक शिवलंय," म्हणाले. "तुमचा डॉक्टर चांगला."

मी आंबे पुढं ठेवले आणि वाकलो. ते दोन पावलं मागं सरले. "पाया-बिया पडू नका. मला देव करू नका, दादा. तुमच्या देवांचे हाल मी ऐकलेत." त्यांच्या मालकीण बाई दारात उभ्या होत्या, त्याही हसल्या. चहा झाला. मग ते सहज म्हणाले की त्या दिवशी ते फाट्यावर उतरणारच नव्हते. मंठ्याहून थेट गाडीत बसले होते. खिडकीतून मोसंब्यांचा गाडा दिसला, घ्यायला खाली उतरले आणि गाडी निघून गेली. "मालकीण म्हणती, जिभेपायी माणूस गाडी चुकवतंय."

ते मानत नाहीत आणि मी त्यांना मनवायला गेलो नव्हतो. फक्त त्या दिवशी घरी आल्यावर देवापुढं दिवा लावताना मी अन्नपूर्णेला म्हणालो, मोसंबी लय गोड होती.

आता सकाळी पाच-दहा मिनिटं देव्हाऱ्यापुढं बसतो. मागत काही नाही. मला मागायचं समजत नाही आणि ती असती तर म्हणाली असती, मागण्याआधी कोमट पाणी तरी ठेवा. देव दिसो न दिसो, जागा मोकळी नाही, एवढं मला पटलंय. परातीत शोभा आली की पीठ मळते. कधी कधी अजून तांब्या भरला की सवयीनं हात देव्हाऱ्याकडं जातो. मग थांबतो. मोरीपाशी तिनं लावलेला कढीपत्ता आहे, सव्वा वर्षात वाळून काटकी झाला होता, कारण घरातलं पाणी रोज दुसरीकडंच जात होतं. तांब्या तिथं नेऊन ओततो. खालून दोन फुटवे निघालेत.

पाणी मुरल्याचा आवाज येतो. मग एक श्वास ओढतो, पूर्ण, छाती भरून. हल्ली तिसरी गोळीही वर चढते.